शनिवारची वारी

शुक्रवारीं संध्याकाळीं काम आटोपून निघावें, रात्रीं विजेच्या दिव्यांच्या उजेडांत एका गांवीं सामना पाहावा. शनिवारीं दुपारीं साडेबारा वाजतां दुसऱ्या गांवीं दुसरा, सायंकाळीं साडेपांच वाजतां शेजारच्या शहरांत तिसरा, रविवारीं आणखी एखाददुसरा पाहावा आणि सोमवारीं सकाळीं पुनः कचेरींत हजर व्हावें, असा कार्यक्रम इंग्लंडांतील फुटबॉलच्या शौकिनाला आज सहज आंखतां येतो. देश लहान, शहरें जवळजवळ वसलेलीं, गाड्यांची सोय चांगली. त्यामुळें ही गोष्ट तेथें पूर्वीपासूनच चालत आली असली पाहिजे असें कोणासहि वाटेल. पण तसें नाहीं. ज्या देशांत हा खेळ प्रथम धंदेवाईक झाला त्याच देशांत जवळजवळ शंभर वर्षें, कांहीं ठराविक सण सोडले तर, ही गोष्ट अशक्य होती. लोकांजवळ पैसा नव्हता म्हणून नव्हे, आणि गाड्या नव्हत्या म्हणून तर मुळींच नव्हे. देशांतील बहुतेक सर्व सामने आठवड्याच्या एकाच दिवशीं आणि जवळजवळ एकाच घटकेस सुरू होत, हें त्याचें कारण. एका माणसानें एकाच वेळीं दोन गांवीं कसें असावें? ती घटका कोणीं ठरविली, पुढें ती कोणीं मोडली आणि त्या मोडतोडींत कोणाचें साधलें व कोणाचें बिघडलें, हा या खेळाच्या इतिहासाचा एक मोठा मनोरंजक भाग आहे.

प्रारंभ मैदानावर होत नाहीं. तो कापसाच्या गिरणींत होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील कारागीर पुष्कळदां सोमवारीं आपण होऊनच कामावर खाडा करीत आणि त्या दिवसाला थट्टेनें ‘संत सोमवार’ म्हणत. वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या गिरणीला असा मनमानी संत परवडणारा नव्हता. १८५० च्या फॅक्टरी ॲक्टानें असें ठरविलें कीं, कापडाच्या गिरण्यांत स्त्रिया व अल्पवयी मुलें यांचें काम शनिवारीं दुपारीं दोन वाजतां थांबलेंच पाहिजे. कायदा प्रौढ पुरुषांसाठीं नव्हता. परंतु बायकामुलें निघून गेल्यावर गिरणी चालवावयाची कोणाच्या बळावर? यंत्र थांबे आणि पुरुषहि घरीं जात. अशा रीतीनें स्त्रियांच्या पदराला धरून पुरुषांना शनिवारची अर्धी सुटी मिळाली असें म्हटल्यास तें फारसें वावगें होणार नाहीं. सर्व धंद्यांना ती एकदम लाभली नाहीं. शेफील्ड येथील कांहीं कारागिरांना बुधवारीं दुपारीं मोकळीक असे. त्यांनीं १८२० मध्यें क्रिकेटचा आणि पुढें १८६७ मध्यें त्याला जोडून फुटबॉलचा क्लब काढला, व त्यास ‘वेन्सडे’ म्हणजे बुधवार हेंच नांव दिलें. आज तो क्लब शनिवारीं खेळतो, रविवारीं खेळतो, क्वचित् बुधवारींहि खेळतो. नांव मात्र त्या जुन्या सुटीचें राहिलें आहे.

सुटी ही आपोआप मिळणारी वस्तु नव्हे हें मुंबईच्या गिरणगांवाला सांगावयास नको. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या, अर्ज केले, तेव्हां कोठें १८९० सालीं मुंबईच्या गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. त्याच सुमारास लँकेशायरमधील विणकर आपल्या मोकळ्या शनिवारचें काय करीत होता हें पाहिलें म्हणजे पुढील सर्व कथेचा उलगडा होतो.

हातीं अर्धा दिवस आला, त्याच वेळीं पायाशीं आगगाडी आली. लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग १८३० सालीं सुरू झाला. १८४१ च्या जुलै महिन्यांत थॉमस कुक या गृहस्थानें मद्यपाननिषेधाच्या एका सभेसाठीं लेस्टरहून लाफ्बरो येथें सुमारें पांचशें माणसें प्रत्येकीं एका शिलिंगांत नेलीं आणि परत आणलीं. खास गाडी ठरवावी, भाडें उतरवावें, डबे माणसांनीं भरून काढावे, ही युक्ति आगगाडीच्या कंपन्यांनीं मग सर्वत्र उचलली. जत्रा, प्रदर्शनें, समुद्रकिनारा, घोड्यांच्या शर्यती, जेथें म्हणून माणसांची रीघ लागे तेथें स्वस्त भाड्याची खास गाडी जाऊं लागली. मद्यपाननिषेधासाठीं निघालेली ही कल्पना पुढें फुटबॉलच्या ज्या प्रेक्षकांच्या उपयोगीं पडली त्यांचें खिशांतील बाटलीशीं फारसें वैर नव्हतें, हा योगायोग गमतीचा खरा.

फुटबॉलचे नियम लिहिणारी मंडळी मात्र गिरणीवालीं नव्हतीं. १८६३ सालीं लंडनच्या एका खानावळींत ‘फुटबॉल असोसिएशन’ स्थापन झालें, तें मोठ्या शाळांतून शिकून निघालेल्या सुखवस्तु तरुणांचें. या संस्थेच्या चषकाचा पहिला अंतिम सामना १८७२ च्या मार्चमध्यें लंडनच्या ओव्हल मैदानावर झाला, तेव्हां सुमारें दोन हजार प्रेक्षक होते. अकरा वर्षांनीं, १८८३ सालीं, त्याच मैदानावर ब्लॅकबर्न ऑलिंपिक या लँकेशायरच्या संघानें ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा दोन विरुद्ध एक गोलांनीं पराभव केला. विजयी संघांत विणकर व ओतारी होते. सामन्यापूर्वीं त्यांना मुद्दाम समुद्रकांठीं ब्लॅकपूल येथें नेऊन कित्येक दिवस सराव देण्यांत आला होता. पुढच्याच वर्षीं ब्लॅकबर्नचा दुसरा संघ अंतिम सामन्यास पोंचला, आणि त्याच्यामागोमाग उत्तरेकडील गिरणीकामगार खास गाड्यांनीं लंडनला आले. लंडनच्या एका नामांकित सायंदैनिकानें त्यांच्या पोषाखाची आणि बोलीची भरपूर टवाळी केली; जणूं काय उत्तरेकडून रानटी टोळीच राजधानीवर चालून आली होती! त्या माणसांनीं आठवडाभर गिरणींत काम करून भाडें सांठविलें होतें, रात्र गाडीच्या फळकुटावर बसून काढली होती, आणि लंडन शहर त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं त्या दिवशीं जन्मांत प्रथमच पाहिलें होतें. टवाळखोर लेखकाला हें दिसलें नाहीं. आपल्या गांवाचा संघ परगांवीं खेळावयास निघाला म्हणजे आपणहि निघावयाचें, ही रीत मात्र त्या काळापासून जी रूढ झाली ती आजतागायत.

प्रेक्षक पैसे देऊं लागले म्हणजे खेळाडूंनींहि ते मागावे हें ओघानेंच आलें. कित्येक वर्षें हा व्यवहार चोरून चालला होता. १८८४ मध्यें प्रेस्टनचे चालक विल्यम सडेल यांनीं आपण खेळाडूंना मोबदला देतों हें उघड कबूल केलें. प्रेस्टनला चषकांतून काढून टाकण्यांत आलें. उत्तरेकडील क्लबांनीं वेगळी चूल मांडण्याची धमकी दिली. आणि शेवटीं १८८५ च्या जुलैंत पगारी खेळाडूंना मान्यता देणें असोसिएशनला भाग पडलें. पण पगार दर आठवड्यास द्यावयाचा तर सामनाहि दर आठवड्यास हवा, आणि नेमकी तीच गोष्ट अनिश्चित होती. मित्रत्वाचे सामने ठरत आणि मोडत. चषकाचा सामना आडवा आला कीं दुसरा संघ येतच नसे, आणि फाटकाशीं जमलेले लोक हात हालवीत परत जात. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिला क्लबाचे कारभारी विल्यम मॅग्रेगर हे कापडदुकानदार. गिऱ्हाईक एकदां विन्मुख गेलें कीं तें पुनः दुकानाची पायरी चढत नाहीं, हें ज्ञान त्यांना कोणाकडून उसनें घ्यावें लागलें नसावें. १८८८ च्या मार्चमध्यें त्यांनीं प्रमुख क्लबांना पत्र लिहिलें आणि त्याच वर्षीं ८ सप्टेंबर रोजीं ‘फुटबॉल लीग’चे पहिले सामने झाले. क्लब बारा, सहा लँकेशायरचे, सहा मध्य इंग्लंडांतील, लंडनचा एकहि नाहीं. प्रत्येकानें प्रत्येकाशीं दोनदां खेळावयाचें, एकदां आपल्या घरीं आणि एकदां त्याच्या घरीं, आणि सर्व तारखा आधीं छापून ठेवावयाच्या. आगगाडीच्या वेळापत्रकाशेजारीं भिंतीवर लावतां येईल असें दुसरें वेळापत्रक कामगाराच्या घरांत आलें तें हें.

आतां घटका ठरली. दुपारीं एकदोन वाजतां गिरणीचा भोंगा, घाईनें जेवण, आणि अडीच-तीनच्या सुमारास सामना. हिवाळ्यांत याहूनहि लौकर; कारण डिसेंबर महिन्यांत लँकेशायरमध्यें चार वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो, आणि मैदानांवर दिवे नव्हते. रविवार धर्माचा, १७८० च्या कायद्यान्वयें त्या दिवशीं पैसे घेऊन करमणुकीचे कार्यक्रम करण्यास बंदी होती. म्हणून कामगाराच्या वांट्यास आठवड्यांतून एकच दुपार आणि त्या दुपारीं एकच सामना. सहा पेन्स देऊन आंत जावें, दोन तास उभें राहावें, ओरडावें, भिजावें आणि घरीं यावें. एका गांवांत दोन क्लब असले तर एक घरीं खेळे त्या शनिवारीं दुसरा सहसा परगांवीं जाई. त्यामुळें लिव्हरपूलमध्यें एका शनिवारीं एव्हर्टन आणि पुढच्या शनिवारीं लिव्हरपूल पाहणारे लोक पुष्कळ असत. त्या काळच्या माणसाला अनेक सामने पाहण्याची हौस भागवावयाची असेल तर ती अशी, आठवड्याआठवड्यानें भागवावी लागे.

वर्षांतून एकदां मात्र चषकाचा अंतिम सामना येई, आणि मग साऱ्या इंग्लंडांतून गाड्या लंडनच्या दिशेनें सुटत. हा सामना १८९५ पासून क्रिस्टल पॅलेसच्या बागेंत होऊं लागला. १९०१ च्या एप्रिलमध्यें लंडनचा टॉटनहॅम व शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्यास १,१०,८२० माणसें जमलीं. सामना दोन दोन गोलांनीं बरोबरींत सुटला, आणि पुनः खेळावयासाठीं लँकेशायरमधील बोल्टन हें गांव निवडण्यांत आलें. आतां गंमत पाहा. बोल्टनचें स्टेशन त्या वेळीं दुरुस्तींत होतें. गर्दी आवरणार नाहीं या भीतीनें तेथील आगगाडी कंपनीनें स्वस्त भाड्याचीं तिकिटें देण्याचें साफ नाकारलें. गांवांतील दुकानदारांना याचा अंदाज आला नाहीं. लाखभर नाहीं तरी पन्नाससाठ हजार भुकेले पाहुणे येणार म्हणून त्यांनीं मांसाच्या कचोऱ्यांचे, म्हणजे ‘पाय’चे, ढीग रचून ठेवले. प्रत्यक्षांत आले २०,४७०. टॉटनहॅमनें तीन विरुद्ध एक गोलांनीं चषक जिंकला आणि बोल्टनकरांच्या घरीं कचोऱ्या उरल्या. त्या दिवसाला तेथें अजून ‘पायचा शनिवार’ म्हणतात. एका आठवड्यांत एक लाख दहा हजारांचे वीस हजार झाले. खेळ तोच, चषक तोच, खेळाडू तेच. बदललें तें मुख्यतः गाडीभाडें. प्रेक्षकांच्या ‘निष्ठे’विषयीं पुष्कळ लिहिलें जातें, पण त्या निष्ठेलाहि तिकिटाची खिडकी असते, हें या सामन्याइतकें स्पष्ट क्वचितच दिसलें असेल. १९२३ मध्यें वेंब्लीचें नवें मैदान उघडलें तेव्हां याच्या उलट झालें. अधिकृत आंकडा १,२६,०४७ चा. कुंपणावरून उड्या टाकून आंत शिरलेल्यांची मोजदाद कोणीं केली नाहीं. खेळाच्या जागेवर पसरलेला जमाव मागें हटविण्यासाठीं घोडेस्वार पोलीस लागले, आणि त्यांच्यांतील एका पांढऱ्या घोड्याचें नांव तो सामना जिंकणाऱ्या बोल्टनच्या खेळाडूंपेक्षां अधिक लोकांच्या लक्षांत राहिलें.

एकाच खेपेस दोन-तीन सामने पाहण्याची पर्वणी येई ती नाताळ आणि ईस्टर या सणांत. १८७१ च्या बँक हॉलिडेच्या कायद्यानें ईस्टरचा सोमवार आणि नाताळचा दुसरा दिवस, २६ डिसेंबर, हे सार्वजनिक सुटीचे ठरले. नाताळ व गुड फ्रायडे हे आधींपासूनच सुटीचे होते. मग शुक्रवार, शनिवार आणि सोमवार असे चार दिवसांत तीन सामने लागत. नाताळांत बहुधा तेच दोन संघ लागोपाठ दोन दिवस, आज एकाच्या व उद्यां दुसऱ्याच्या मैदानावर खेळत. प्रेक्षकहि त्यांच्यामागोमाग जात, कारण नाताळच्या दिवशीं तेव्हां गाड्या चालत. पंढरीची वारी करणारा तिथि पाहून निघतो तसा हा माणूस पंचांगांत सणाचा वार पाहून निघे. या जोडसामन्यांत चमत्कार पुष्कळ घडत. १९३५ च्या नाताळला ओल्डहॅमनें ट्रॅन्मिअर रोव्हर्सचा चार विरुद्ध एक असा पराभव केला. दुसऱ्या दिवशीं तेच ओल्डहॅमकर ट्रॅन्मिअरच्या मैदानावर गेले आणि तेरा विरुद्ध चार असे हरून आले! बेल नांवाच्या एकाच खेळाडूनें नऊ गोल केले, आणि एक दंडाचा फटका त्याच्या हातून फुकट गेला तो निराळाच. आदल्या रात्रीं ओल्डहॅमच्या मंडळींनीं नाताळ कसा साजरा केला याची चौकशी इतिहासानें न केलेली बरी.

सणाच्या गर्दीचा मान केवळ पुरुषांच्याच खेळाला होता असेंहि नाहीं. पहिल्या महायुद्धांत प्रेस्टनच्या डिक-केर कारखान्यांतील मुलींनीं आपला संघ उभारला. १९२० च्या २६ डिसेंबर रोजीं लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहावयास ५३,००० लोक आले, तो उत्पन्न धर्मादायासाठीं असलेला सामना होता. एक वर्ष पुरें होण्यापूर्वींच, १९२१ च्या डिसेंबरांत, असोसिएशननें आपल्या क्लबांचीं मैदानें स्त्रियांना देण्यास बंदी केली आणि ती जवळजवळ पन्नास वर्षें टिकली. ज्या स्त्रियांच्या सुटीमुळें पुरुषांना शनिवार मिळाला त्यांच्याच नातींना मैदानाचें फाटक बंद झालें!

दुसऱ्या महायुद्धांत पन्नास मैलांपलीकडील प्रवासावर बंधन आलें आणि लीगचे प्रांतवार तुकडे पडले. १९४० च्या नाताळला ब्राइटनचा संघ नॉरिच येथें पांचच खेळाडू घेऊन पोंचला. प्रेक्षकांतील सैनिक व यजमानांचे राखीव गडी घेऊन भरती केली, आणि अठरा विरुद्ध शून्य असा पराभव पदरीं पडला. त्याच दिवशीं टॉमी लॉटन हा नामांकित खेळाडू सकाळीं लिव्हरपूलमध्यें एव्हर्टनतर्फे व दुपारीं क्रू येथें ट्रॅन्मिअरतर्फे खेळला. एका दिवसांत दोन सामने पाहणाराच नव्हे, तर खेळणारासुद्धां निघाला तो असा.

युद्ध संपल्यावर लोकांनीं मैदानांवर अक्षरशः धांव घेतली. १९४८-४९ च्या हंगामांत लीगच्या ८८ क्लबांचे सामने पाहणारांची संख्या चार कोटि बारा लाखांच्या वर गेली. पण ही गर्दी जेथें उभी राहत होती तेथील कठडे, पायऱ्या व फाटकें बहुतांशीं जुन्या काळचीं होतीं. ग्लासगो येथें १९०२ मध्यें आयब्रॉक्स मैदानाचा लांकडी चौथरा मोडून २५ माणसें मेलीं होतीं. १९४६ च्या ९ मार्चला बोल्टनच्या त्याच, पायच्या शनिवारच्या, मैदानावर चेंगराचेंगरी होऊन ३३ माणसें मेलीं. आणि १९८९ च्या १५ एप्रिल रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, चषकाच्या उपांत्य सामन्याच्या वेळीं, लिव्हरपूलहून आलेल्या प्रेक्षकांवर जो प्रसंग गुदरला त्यांत अखेर ९७ जीव गेले. त्यांतील शेवटचा, त्या दिवशींच्या इजांमुळें, बत्तीस वर्षांनीं २०२१ मध्यें. पिंजऱ्यासारख्या लोखंडी कुंपणांत माणसें चिरडत असतां बाहेर त्यांनाच दंगेखोर ठरविण्यांत येत होतें. प्रेक्षकांचा दोष नव्हता आणि मेलेल्यांचा मृत्यु बेकायदेशीर हलगर्जीमुळें झाला, हा निर्णय पंचांच्या तोंडून बाहेर पडावयास २०१६ साल उजाडावें लागलें. १८८४ मध्यें परगांवच्या प्रेक्षकाला रानटी म्हणणारी नजर शंभर वर्षांनींहि मुळींच बदललेली नव्हती. या दुर्घटनेनंतर वरच्या वर्गांतील मैदानांवर प्रत्येकास खुर्ची आली, आणि खुर्चीबरोबर आधीं काढावयाचें तिकिट आलें. मनांत आलें कीं गाडींत बसावें आणि फाटकाशीं शिलिंग टाकून आंत शिरावें, ही जुनी मोकळीक संपली. प्राणांच्या बदल्यांत ती गेली म्हणून तिच्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं.

शनिवारच्या घटकेला पहिला तडा गेला तो विजेच्या दिव्यांनीं. लीगचा पहिला सामना दिव्यांच्या उजेडांत झाला तो १९५६ च्या फेब्रुवारींत, पोर्ट्समथ येथें. आठवड्याच्या मधल्या रात्रीं मोकळ्या झाल्या आणि सणांतील जोडसामन्यांची निकड कमी झाली. नाताळच्या दिवसाचा पूर्ण कार्यक्रम १९५७ नंतर राहिला नाहीं, व १९६५ नंतर त्या दिवशींचे लीगचे सामनेच इंग्लंडांत बंद पडले. जातां जातां जुन्या सणांनीं एक शेवटचा तमाशा दाखविला. १९६३ च्या २६ डिसेंबरला पहिल्या वर्गाच्या दहा सामन्यांत ६६ गोल झाले. फुलॅमनें इप्सविचवर दहा विरुद्ध एक अशी मात केली, आणि दोनच दिवसांनीं इप्सविचनें आपल्या घरीं त्याच फुलॅमला चार विरुद्ध दोन असें हरविलें. दोन्ही सामने पाहिलेल्या माणसानें कोणता संघ चांगला म्हणून सांगावें?

दुसरा तडा कोळशामुळें गेला. १९७४ च्या जानेवारींत खाणकामगारांच्या तंट्यामुळें विजेचा तुटवडा पडला, कारखाने आठवड्यांतून तीनच दिवस चालूं लागले आणि मैदानांवरील दिवे बंद झाले. तेव्हां रविवारची आठवण झाली. ६ जानेवारी रोजीं चषकाचे चार सामने रविवारीं झाले, त्यांतील केंब्रिजचा सामना सकाळींच झाला. २० जानेवारीला लंडनमध्यें मिलवॉल व फुलॅम यांचा लीगचा पहिला रविवारचा सामना झाला. १७८० चा कायदा तर जिवंत होता. त्यावर तोड अशी निघाली कीं प्रवेश फुकट ठेवावा, पण खेळाडूंच्या नांवांचा छापील कागद प्रत्येकास विकत घ्यावयास लावावा, आणि त्या कागदाची किंमत नेमकी तिकिटाइतकी असावी! धर्मनिष्ठांनीं तक्रार केली. लोकांनीं कागद विकत घेतला. गिरणीच्या भोंग्यानें ठरविलेल्या वाराची मक्तेदारी खाणीच्या तंट्यानें मोडली, हा योग विलक्षण खरा.

तिसरा आणि निर्णायक घाव घातला तो दूरचित्रवाणीनें. शनिवारचे सामने लोक घरीं बसून पाहूं लागले तर लहान क्लबांच्या फाटकाशीं कोणी फिरकणार नाहीं, असें बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड प्रभृति मंडळींना वाटे. त्यांच्या आग्रहानें १९६० च्या दशकांत असा निर्बंध आला कीं शनिवारीं दुपारीं पावणेतीन ते सव्वापांच या वेळांत कोणताहि सामना प्रत्यक्ष दाखवावयाचा नाहीं. हा निर्बंध शनिवारच्या प्रेक्षकाच्या रक्षणासाठीं होता. परिणाम अगदीं उलट झाला. तीन वाजतां सुरू होणारा सामना दाखवितां येत नाहीं, म्हणून दाखवावयाचा सामना तीनच्या वेळेंतून उचलून दुसरीकडे नेणें भाग पडलें. १९८३ च्या ऑक्टोबरांत टॉटनहॅमचा एक सामना त्यासाठीं रविवारीं ठेवला. १९९२ मध्यें वरच्या वर्गांतील क्लबांनीं ‘प्रीमियर लीग’ काढली, उपग्रहवाहिनीनें पूर्वीं कोणीं ऐकल्या नव्हत्या अशा रकमा मोजल्या, आणि शुक्रवार, शनिवारची भर दुपार व संध्याकाळ, रविवार, सोमवार असे सामन्यांचे तुकडे पडले.

याच तुकड्यांतून आजचा बहुसामन्यांचा प्रवासी जन्मास आला. १९७८ मध्यें ‘नाइंटी-टू क्लब’ नांवाचें मंडळ निघालें होतें. वरच्या चार वर्गांतील ९२ क्लबांपैकीं प्रत्येकाच्या मैदानावर ज्यानें सामना पाहिला आहे त्याला तेथें प्रवेश. ज्या काळांत शनिवारीं एकच सामना पाहतां येई त्या काळांत हें व्रत पुरें व्हावयास कित्येक वर्षें लागत. आतां तीन दिवसांत चार-पांच मैदानें सहज होतात. नॉटिंगहॅममध्यें ट्रेंट नदीच्या दोहों तीरांवर समोरासमोर दोन क्लबांचीं मैदानें आहेत. स्कॉटलंडांत डंडी येथें तर दोन मैदानें एकाच रस्त्यावर. यादी मात्र कधींच पुरी होत नाहीं. एव्हर्टननें १८९२ पासूनचें गुडिसन पार्क २०२५ मध्यें सोडलें व नदीकांठच्या जुन्या गोदीवर नवें मैदान बांधलें. झालें, यादीवाल्यांना लिव्हरपूलची खेप पुनः आली! हे लोक छंदिष्ट खरे, पण निरुपद्रवी. कोणत्याहि एका क्लबाचें यश त्यांना फारसें सुखवीत नाहीं आणि अपयश जाळीत नाहीं.

ज्याला तें जाळतें त्याचें काय झालें? न्यूकॅसलच्या संघामागें लंडनला जाणारा माणूस ब्लॅकबर्नच्या त्या विणकराचा खरा वारस. त्याचें अंतर पावणेतीनशें मैलांवर. त्याच्या हंगामाचें वेळापत्रक उन्हाळ्यांत छापून निघतें, तो रजा ठरवितो, आणि मग सामन्याच्या कांहीं आठवडे आधीं कळतें कीं शनिवारचा सामना सोमवारीं रात्रीं आठ वाजतां नेला आहे. सामना संपतो तेव्हां लांबच्या गांवाकडे जाणारी शेवटची गाडी बहुधा सुटून गेलेली असते. त्याच्या सुटीवर ज्या खेळाचें घड्याळ बसविलें होतें त्या खेळाच्या घड्याळावर आतां त्यानें आपली सुटी बसवावयाची आहे. प्रेक्षकांनीं निदर्शनें केलीं, फलक धरले. त्याचा एवढा उपयोग झाला कीं २०१६-१७ च्या हंगामापासून परगांवच्या प्रेक्षकाच्या तिकिटास तीस पौंडांची कमाल मर्यादा प्रीमियर लीगनें घातली. वेळेला मर्यादा कोणी घातली नाहीं.

जुन्या सणांपैकीं २६ डिसेंबर तेवढा फुटबॉलचा दिवस म्हणून अजून लोकांच्या मनांत आहे. त्या दिवशीं गांवोगांवचे सामने होतात, आजोबा नातवांना घेऊन जातात. आगगाड्या मात्र त्या दिवशीं ब्रिटनमध्यें बहुतेक ठिकाणीं चालत नाहींत. परगांवीं जाणारे प्रेक्षक वर्गणी काढून मोटारगाड्या ठरवितात आणि पहांटेच्या काळोखांत निघतात.